शिवदाऱ्यातली किल्ली

माझे वडील आणि माझे मामा यांच्यात जमिनीवरून वाद नव्हता, मानपानावरून नव्हता, कुणाच्या लग्नात कुणाला टॉवेल-टोपी मिळाली नाही यावरूनही नव्हता. ते भांडायचे बारा आणि सोळा या दोन आकड्यांवरून. नांदेडला आमच्या कम्प्युटरच्या तोंडावर लाल दिव्यात बारा हा आकडा पेटायचा आणि लातूरला मामांच्या कम्प्युटरवर सोळा. हा मशीनच्या वेगाचा आकडा, एवढंच आम्हाला ठाऊक. पण तेवढ्यावरून दोन शहाणी, रोज कपाळाला भस्म लावणारी माणसं अशी तुटून पडायची की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. माझी नातवंडं म्हणतात, आजीच्या गोष्टीतून निम्मं पाणी काढून टाकलं की उरलेलं खरं असतं. काढा बापडे. पण कुत्र्यांचं तेवढं राहू द्या, ते खरं आहे.

घर आमचं वजिराबादेतल्या गल्लीत. खाली अप्पांची टायपिंगची संस्था, वर आम्ही. खाली चौदा टाइपरायटर. सकाळी सातच्या तुकडीनं एकदम बोटं चालवायला घेतली की वर आईच्या फळीवरचे डबे चालू लागायचे. सोमवारी चुलीपाशी ठेवलेला तिखटाचा डबा शनिवारी खिडकीत सापडायचा. मी त्या खडखडाटात जन्मले, त्यातच झोपले आणि त्यातच मोठी झाले, म्हणून माझा आवाज असा. तो मुळातला नाही, कमावलेला आहे. त्या चौदा मशिनींच्या मागं, पडद्याआड, कम्प्युटरची खोली. तिथं चपला बाहेर काढून जायचं. कम्प्युटर हैदराबादच्या एका एजंटाकडून आला, एसटीच्या मागच्या बाकावर, गोधडीत गुंडाळलेला, अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेल्या आजारी पाहुण्यासारखा. त्याच एजंटाकडून त्याच आठवड्यात मामांनीही एक आणला. एका आईची दोन लेकरं म्हणा ना. फक्त एकाच्या कपाळावर बारा लिहिलेलं आणि दुसऱ्याच्या सोळा.

आम्ही लिंगायत. अप्पा कर्मठ नव्हते, पण नेमाचे पक्के. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहाचा घोट नाही. लिंग चांदीच्या लहानशा डबीत, डबी छातीवर, आणि ती ज्या दोऱ्यात ओवलेली तो शिवदारा. तो अंगावरून कधी उतरत नाही, आंघोळीला नाही, झोपेत नाही, दुखण्यात नाही. आता कम्प्युटरच्या पेटीला पुढच्या बाजूला बोटाच्या पेराएवढं एक कुलूप होतं. किल्ली फिरवली की मशीन चालू असलं तरी कळफलक मुका व्हायचा, मग तुम्ही तो बडवा नाही तर त्यावर भाकरी थापा. एजंटानं दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक अप्पांनी गोदावरीत टाकली (तेव्हा नदीला पाणी होतं), आणि दुसरी शिवदाऱ्यात ओवली. घरी येणारे आमचे स्वामी जरा नाराज झाले, म्हणाले, अप्पा, हे काय लोखंड लिंगाशेजारी. अप्पा म्हणाले, आत लोकांची नावं हायेत, ती राखणं बी पूजाच हाय. स्वामींनी यावर विचार केला, दोन वाट्या येसराची आमटी प्याले आणि विषय सोडला. तेव्हापासून सगळ्या नांदेडात बोललं जाऊ लागलं की अप्पांच्या मशिनीत गेलेला कागद म्हणजे तिजोरीत गेला. तहसीलच्या अर्जांपासून सोयरिकीच्या टिपणांपर्यंत लोक सगळं आमच्याकडं आणायचे. टाइपरायटर दुसऱ्यांकडंही होते. गळ्यातली किल्ली कुणाकडं नव्हती.

शिवराजमामांची तऱ्हा निराळी. मामा मुरुडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. लातूर जिल्हा झाला तसं त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि लातूर गाठलं. त्यांचा हिशेब सोपा होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नवे अर्ज, आणि अर्ज करणाऱ्याला दम नसतो. बघता बघता मामा अंगानं, चालीनं, बोलण्यानं नव्या जिल्ह्याचे झाले. जेवतानासुद्धा घाई. आणि अप्पा निजामाच्या काळापासूनच्या जुन्या जिल्ह्याचे. मामा लातूरचं काही सांगू लागले की अप्पा हळूच विचारायचे, कालपरवापर्यंत तालुका होता ना तुमचा? मामांच्या मशिनीलाही तसलंच कुलूप होतं, पण त्यांनी ते कधी लावलं नाही. एक किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवली आणि दुसरी मला दिली, घे नंदा, बांगड्यांच्या डब्याला लाव म्हणून. मी ती कंपासपेटीत ठेवून दिली.

महिन्यातून एका रविवारी मामा नांदेडला यायचे. आई सुशीला करायची, भिजवलेले मुरमुरे, भरपूर कांदा, वरून डाळव्याची पूड. ताटल्या हातात आल्या की सामना सुरू.

"दाजी, तुमची मशीन म्हंजे सोन्याच्या कुलपातली बैलगाडी," मामा सुरुवात करायचे.

"आन तुझी म्हंजे बिनदाराची जीप," अप्पा मुरमुरा चावत म्हणायचे. "पळती लई. पन आत कोन बसलं आन कोन उतरलं, काई पत्ता न्हाई."

मग मेमरी किती, डिस्क किती, बटण दाबलं की आकडा चढतो तेव्हा मशीन खरंच पळतं की नुसतं धापा टाकतं, यावर खल. बाहेरच्या फ्लॉपीतून मशीनला रोग लागतो असं अप्पांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून गावात पटकी आल्यावर पाहुण्याला वेशीबाहेर थांबवावं तशी ते परकी फ्लॉपी तीन दिवस खिडकीत उन्हाला ठेवायचे. मामा त्यावर एवढं हसायचे की ठसका लागून आईला पाठ थोपटावी लागे. मामांचं म्हणणं, चोर आला तरी त्याला मशीन चालवता आलं पाहिजे ना, अख्ख्या लातुरात चालवणारे आम्ही चार, आणि चौघंही एकमेकांचे पाहुणे. अप्पांचं म्हणणं, म्हणूनच.

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत या भांडणात पाणी शिरलं. एरवी कोरडा पडतो तो दुष्काळ, आमच्याकडं उलटं. मामांनी अप्पांच्या डोक्यात भरवलं की तापलेलं मशीन हळू चालतं आणि शेवटी बंद पडतं, म्हणून खिडकीत कूलर आला, आणि कूलरला रोज एक घागर पाणी लागू लागलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आम्ही ताटं राखेनं घासून फडक्यानं पुसायचो, केस पंधरा दिवसांनी धुवायचो, आणि कम्प्युटर वाळ्याच्या गार वाऱ्यात बसायचा. आई त्या घागरीकडं बघून म्हणायची, माणसानं गुळण्या मोजून करायच्या आन मशिनीला रोज न्हाणं, ही कुठल्या पुस्तकातली रीत. त्या भांडणात तिची बाजू एकटीची होती, आणि आज मला वाटतं, तिघांत शहाणं बोलणारी तीच होती.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तिकडं येते. लांबवते आहे, हे मलाही कळतं.

त्या उन्हाळ्यात खेड्यांना टँकर मिळायचा तो यादीवर. कुठल्या गावात किती घरं, किती माणसं, किती जनावरं, हे दर पंधरवड्याला तहसील कचेरीत लेखी द्यायचं. नांदेडहून लातूरकडं जाताना लागणाऱ्या एका तालुक्यातली (नाव सांगत नाही, तो अजून तिथंच आहे) अकरा गावांची एकत्र यादी अप्पांच्या मशिनीत होती. अठरा पानं. दर वेळी फरक तेवढा घालायचा आणि छापायची. मराठी अक्षरं छापायला प्रिंटर भारी वेळ घ्यायचा. एकेक ओळ तीनदा घासून काढायचा, अडकित्त्यानं दगड कातरावा तसा आवाज, आणि एका पानाला चार मिनिटं. अठरा पानांना बाहत्तर. एका रविवारी मामांनी ही यादी फ्लॉपीवर लातूरला नेली आणि पुढच्या खेपेला येऊन सांगितलं, सदुसष्ट मिनिटं. घड्याळ लावून.

अप्पांनी जेवण अर्धं टाकलं. मी सतरा वर्षांची होते, संस्थेत शिकवायचे, मशीनवर मला बसू देत होते, आणि अप्पा जेवण टाकतात हे मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी यादी छापायची होतीच. अप्पा म्हणाले, मी घड्याळ धरतो, तू छाप. त्यांनी कुलूप उघडलं आणि गल्लीतल्या दोघा-तिघांना साक्षीला बोलवायला गेले. तेवढ्यात मी शेवटची दोन पानं पुसून टाकली आणि पहिल्या पानावरची बेरीज त्याप्रमाणं बदलली.

शेवटची का, तर शेवटी होती म्हणून. अकराव्या गावाची खालची वस्ती, सव्वीस घरं, बौद्धांची. यादीत ती नेहमी शेवटी यायची, जशी गावात उताराला असते तशी कागदातही. मी वस्ती म्हणून बघितलंच नाही. मला दोन पानं दिसली, म्हणजे आठ मिनिटं. सोळा पानांना लागली चौसष्ट. अप्पांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, त्यांनी माझ्या पहिल्या मुलाला मांडीवर घेतलं तेव्हा. साक्षीदारांना चहा झाला. बैठकीत अप्पांनी चारचारदा सांगितलं की बारा म्हणजे बारा, पण ते इमानाचे बारा. दरम्यान गावांकडचा माणूस आला आणि यादी घेऊन गेला. मला वाटलं होतं की छापून झालं की पानं परत घालीन. पण अप्पांनी लगेच कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या आत गेली. यादी, माझ्या चुकीसकट, सुरक्षित झाली.

सांगायला आठ दिवस होते. रोज मी म्हणायचे, आज. आणि रोज अप्पा गल्लीत कुणाला तरी चौसष्टची गोष्ट सांगताना ऐकू यायचे. मामांना पत्र गेलं. मामांचं उलटटपाली उत्तर आलं, की हे होणं शक्य नाही, या आणि माझ्यापुढं करून दाखवा. अप्पांनी फ्लॉपी पिशवीत घातली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं लातूरला गेले.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला वाघमारे गुरुजी आले. खालच्या वस्तीतले, शाळेतून निवृत्त झालेले, धोतर पांढरं पण धुतलेलं नव्हे, झटकलेलं. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. आठ दिवसांत टँकर तीनदा आला. तिन्ही वेळा वरच्या विहिरीत ओतून निघून गेला, वस्तीपर्यंत आलाच नाही. ड्रायव्हर म्हणतो, यादीत वस्ती न्हाई. बाया वरच्या विहिरीवर जातात, पण सगळ्यांचं भरून झाल्यावर त्यांना भरू देतात, आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर तळाला राहतो तो चिखल. गुरुजींनी वस्तीची यादी बाजारात टायपून घेतली आणि जोडून कचेरीत नेली. तिथल्या कारकुनानं कागद वर धरून बघितला आणि म्हणाला, हे मागनं घुसवलेलं पान दिसतं, कम्प्युटर माणसांसारखा विसरत नसतो, त्याच्याच अक्षरात आणा. आज दुपारपर्यंत. उद्यापासून टँकरची नवी फेरी लागते.

"अप्पा न्हाईत," आई म्हणाली.

"मशीन तर हाय ना माय," गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले.

मशीन होतं. मी बटण लावलं, बारा पेटला, आणि कळफलक मुका. किल्ली त्या वेळी अहमदपूरच्या पुढं कुठंतरी, अप्पांच्या छातीवर, एसटीत हिंदकळत होती. अकराला वीज जायची ती तिन्हीसांजेला यायची. त्या उन्हाळ्याचा तो नेमच. आईनं घरातल्या किल्ल्या आणल्या. कपाटाची, ट्रंकेची, शिलाई मशीनच्या पेटीची, तिच्या माहेरच्या एका पेटाऱ्याची, जो पेटारा माझ्या जन्माआधी वाळवीनं खाल्ला होता. एकही त्या भोकात शिरेना. आई म्हणाली, आणखी हाय का कुठं? आणि मला कंपासपेटी आठवली. लातूरच्या मशीनची किल्ली, नांदेडला काय कामाची. तरी आणली. घातली. फिरवली.

खट् झालं.

आई आणि मी एकमेकींकडं बघतच राहिलो. दोन जिल्हे, दोन पुरुष, इतक्या रविवारांची भांडणं, आणि किल्ली एकच. पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की त्या एजंटाच्या सगळ्याच पेट्यांना एकच किल्ली चालायची, हैदराबादपासून इकडं जेवढी मशिनं त्यानं विकली तेवढ्यांना. आणि मामांचा सोळाचा आकडाही मशीन मोजत नव्हतं. तो आतल्या पिनांवर बसवलेला असायचा, पंचवीस बसवला असता तर पंचवीस पेटला असता. हे मामांनी स्वतः कबूल केलं, पण तोवर ते आजोबा झाले होते आणि त्यांना कशाचीच घाई राहिली नव्हती.

गुरुजी सांगत गेले, मी टंकत गेले. त्यांनी खिशातला कागद काढलाच नाही. घरं त्यांना वाटेसारखी पाठ होती. या घरात पाच माणसं, एक म्हातारी अंथरुणावर, शेळ्या दोन होत्या, आता एक. सव्वीस घरं झाली. मग पहिल्या पानावरची बेरीज. मी छापायला पहिलं पान लावू लागले तर ते म्हणाले, "आमची आधी काढ, माय. वीज गेली तर गेली. एकदा तरी आमची आधी निघू दे."

त्यांची दोन आधी काढली, मग बेरजेचं पान. त्याची शेवटची ओळ उमटली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. दोन्हींच्या मध्ये एका श्वासाचं अंतर होतं. माझी मुलं म्हणतात, मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा पाच मिनिटांचं होतं. असेल. तेव्हा मी श्वास पाच मिनिटं धरला असेल.

आईनं कूलरची घागर कलती केली आणि गुरुजींना तांब्या भरून दिला. त्यांनी अर्धं पाणी प्यायलं. उरलेलं पिशवीतल्या बाटलीत ओतून बूच घट्ट लावलं, आणि रिकामा तांब्या आईकडं दिला. आईनं बाटली मागून घेतली, काठोकाठ भरली आणि परत दिली. त्या दिवसापासून कूलर बंद झाला तो कायमचा, आणि मशीन काही हळू चाललं नाही. जाताना गुरुजी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, मशीन चुकलं, पण लेकीनं सांभाळलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी, जी तीन गल्ल्यांपलीकडच्या माणसाला हाक मारून वळवते, ती गप्प राहिले. कुलूप परत लावलं, किल्ली कंपासपेटीत ठेवली.

अप्पा दिवेलागणीला आले. चपलांसकट पडद्याआड गेले. तेव्हाच मला समजलं की त्यांना कळलं आहे; लातूरला काय झालं ते मागाहून ऐकलं. लातूरला मामांनी आमची फ्लॉपी लावली तर यादी साठ मिनिटांच्या आत बाहेर. मामा नाचायचेच बाकी होते. पण अप्पांनी पानं मोजली. मोजल्यावर पाणीसुद्धा न पिता परतीची गाडी धरली. त्यांनी शिवदारा पुढं ओढला, वाकून, गळ्यातूनच किल्ली लावून कुलूप उघडलं, यादी काढली. पानं अठरा होती. मग हाक आली.

"नंदा, दोन पानं कवा गेली आन कवा आली?"

मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काही न फुगवता सांगितलं. कंपासपेटी आणून मामांची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली. मला वाटलं होतं की ते किल्लीकडं बघून हादरतील. त्यांनी किल्लीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, वस्तीची पानं छापून घे, सकाळी सातची गाडी हाय, तयार राहा.

गाडीत खिडकीशी मी, शेजारी अप्पा. लोह्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही बसून राहिलो. बाहेर रानं अशी की कुणी पृथ्वीची साल काढून नेली असावी. शेवटी मीच विचारलं की किल्लीचं त्यांना माहीत होतं का.

"पहिल्या महिन्यापासून," अप्पा म्हणाले. "लातूरला शिवराजच्या मशिनीला आपली लावून बघितली होती. लागली."

"मग गळ्यात काहून घालता?"

त्यांनी पुढच्या बाकाच्या दांड्यावर हात ठेवले. टाइपरायटरवर ठेवतात तसे, दहाही बोटं वेगळी. "लोक आपली नावं माझ्याकडं ठेवून जात्यात. आत काय हाय ते त्यांना दिसत न्हाई. किल्ली दिसती." मग गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "आता ते बी खोटं झालं."

मला रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटत होतं मी दोन पानं पुसली. मी काय पुसलं होतं, ते त्या बाकावर कळलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा टँकर उभा होता, नव्या फेरीतला पहिला, वस्तीच्या हौदापाशी. बायांनी घागरी ओळीनं लावल्या होत्या. अप्पांना बघून गुरुजी पुढं आले, अप्पा, तुमच्या लेकीनं काल आमची लाज राखली असं काहीतरी म्हणू लागले. अप्पांनी हात जोडले आणि बाजूला झाले. इतके बाजूला की मी एकटीच उरले. मी बोलले. मशीन चुकलं नव्हतं, पानं मी काढली, शर्यत जिंकायला काढली. एवढंच. चार वाक्यं झाली असतील. टँकरच्या नळीतून पाणी पडत होतं त्याचा तेवढा आवाज. एका बाईनं डोक्यावरची चुंबळ काढून पुन्हा बसवली. दुसरी कुणीतरी नुसतं म्हणाली, शर्यत. ती शिवी असती तर मी आजपर्यंत विसरले असते.

गुरुजींच्या चेहऱ्यावरचं कालचं ते सगळं उतरलं होतं. त्यांनी माझ्या हातातल्या यादीकडं बोट केलं. "वाच," म्हणाले.

मी पहिलं नाव वाचलं. घागरींच्या ओळीतून आवाज आला, हाव. दुसरं वाचलं. हाव. कुणी जोरात म्हणायचं, कुणी नुसती मान हलवायचं आणि शेजारचं त्याच्या वतीनं म्हणायचं, हाय म्हना. एका नावाला एका लहान मुलीनं हाव म्हटलं आणि सगळे किंचित हसले, कारण ते तिच्या आजोबांचं नाव होतं. आदल्या दिवशी ही नावं मी टंकली होती, आठ दिवसांपूर्वी पुसली होती, दोन्ही वेळा एकेका कळीनं, आणि एकाही नावाला तोंड आहे हे मला ठाऊक नव्हतं. एकोणिसावं नाव वाचलं, गयाबाई. कुणी हाव म्हणालं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. माझ्याच आवाजात, अख्ख्या गल्लीला जागं करणाऱ्या, पुन्हा वाचलं.

"ती लेकीकडं गेली," गुरुजी म्हणाले. "किल्लारीच्या बाजूला. टँकर तिसऱ्यांदा आला न्हाई, तवा गेली. एकलीच राहत होती, घागर उचलवंना. पुढचं वाच."

मी उरलेली सात वाचली. परत निघताना अप्पांनी विचारलं, गयाबाईचं नाव काढायचं का यादीतून. गुरुजी म्हणाले, राहू द्या. येईल.

घरी आल्यावर अप्पांनी शिवदाऱ्यातली गाठ सोडली, किल्ली काढली आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कुणी विचारलं तर सांगायचे की ती सगळ्या मशिनींना लागते. निम्मे लोक दुसरीकडं गेले, निम्मे राहिले. मामा येत राहिले, सुशीला होत राहिली, पण बारा-सोळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मामांनाही कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं असावं. पाऊस पडेपर्यंत ती यादी मी दर पंधरवड्याला छापली. छापण्याआधी सगळी अठरा पानं मोठ्यानं वाचायचे, रिकाम्या खोलीत, कूलर बंद, पंखा चालू. आणि गयाबाईचं नाव वाचलं की पुढच्या नावाआधी जरा थांबायचे.